रुमालाखाली दुखणारी बोटं

ज्याला एका जागी बसवत नाही, त्याने आजारी पडू नये. मी पडलो. चांगली काही वर्षं पडलो, आणि अजूनही अधूनमधून शहापूरच्या दवाखान्यात जाऊन हात पुढे करावा लागतो. तिथले डॉक्टर परवा म्हणाले, "काशिनाथराव, तुम्हाला लिहिता-वाचता येतं. हे सगळं लिहून काढा. असलं दुखणं घेऊन दुसरा कोणी आला तर त्याला वाचून दाखवीन. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल." मी म्हटलं, डॉक्टर, मी बैलांचा दलाल, मला कसलं लिहिता येतंय! ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर हे बोलतो तसंच आहे. मध्येच उठून अंगणात एक फेरी मारून येतो, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं गाव डोळखांबहून मुरबाडकडे येणाऱ्या वाटेवर. घरची भातशेती आहे, पण माझा जीव चिखलात कधी रमला नाही, तो रमला बैलबाजारात. पायाला भिंगरी होती. आज मुरबाडच्या बाजारात, उद्या घाटाखाली उतरणाऱ्या बैलांच्या मागे, पौषात म्हसा गावच्या जत्रेत. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मधे मी.

आमच्या धंद्यात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. किती बोटं धरली, कुठे दाबली, सगळ्याचा अर्थ ठरलेला. भाव पटला नाही तर हात काढून घ्यायचा. हात काढला नाही म्हणजे सौदा पक्का. भोवती कितीही माणसं गोळा झाली तरी त्यांना काही कळत नाही, फक्त एक पाहिजे, चेहरा हलता कामा नये. मला हा धंदा माझ्या थोरल्या भावाने, महादूदादाने शिकवला. तो म्हणायचा, "रुमालाखाली काय बी होऊं दे, तोंडावरची माशी हलली नाय पायजे."

माझी हलली. तिथून सगळं सुरू झालं.

*

दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. म्हशाच्या जत्रेत घाटावरच्या एका शेतकऱ्याची देखणी जोडी होती. मी रुमाल टाकला. त्याने माझी दोन बोटं धरली, अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पुढचं, आणि मुळाशी, जिथे मूठ वळल्यावर हाड वर येतं तिथे, दाबली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड वेडंवाकडं झालं. त्याला वाटलं, त्याचा भाव ऐकून मी तोंड वाकडं केलं.

"माझ्या बैलाला नावं ठिवतूस व्हय?" असं म्हणून त्याने रुमाल माझ्या अंगावर फेकला आणि जोडी घेऊन चालता झाला. सगळा बाजार हसला.

माझा धाकटा भाऊ बाळाराम बरोबर होता. बाळा माझ्या उलट. मी बडबड्या, तो मुका. मी फिरता, तो एका जागी उभा राहिला की खांब. त्या दिवसापासून रुमाल तो धरू लागला आणि मी नुसतं तोंड चालवू लागलो. बोटांना काय झालंय ते मला कळेना. थंडीने असेल, कासरा ओढून असेल, असं म्हणत राहिलो.

पुढे बोटांची गोष्ट मागेच पडली, कारण अंगातली ताकदच गेली. मुरबाडला जाताना वाटेत दोनदा बसायला लागे. तहान लागे, रात्री सारखं उठावं लागे. मिशी विरळ झाली. नवराबायकोत जे असतं तेही संपलं, आणि मी बायकोशी उगाच खेकसू लागलो. रंग तर असा काळवंडत गेला की ओळखीचे लोक विचारू लागले, "काशी, कोळशाच्या भट्टीवर होतास काय रे?" मी पण हसून घालवायचो. आमच्याकडे उन्हात कोण काळा पडत नाही?

पण माझी बायको पार्वती हसली नाही. एका सकाळी न्हाणीत पाठ चोळताना तिचा हात थांबला.

"अवो, जिथं ऊन कदी लागत नाय तिथं बी तुमी काले पडलेत," ती म्हणाली. "दादांसारके."

*

आता दादाचं सांगायला हवं, त्याशिवाय माझी भीती कळायची नाही.

महादूदादा लढाईच्या आधीच गेला. ऐन उमेदीत. असाच काळा पडत गेला, मग पोट फुगलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. गावाने निदान केलं: मोहाची दारू. लपून पीत असणार. आमच्या भागात असं पोट मोहाची पिणाऱ्याचंच होतं, हे सगळ्यांना ठाऊक. दादाने आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, एवढंच काय, पिऊन आलेल्या माणसाचा बैल तो विकायला घेत नसे. तरी तेराव्याच्या पंगतीत लोक कुजबुजत होते. त्याची बायको, आमची भागीवहिनी, कोणाला उलट बोलली नाही. फक्त तेव्हापासून ती विहिरीवर उशिरा जाऊ लागली, सगळ्या बाया पाणी भरून गेल्यावर.

त्यामुळे पार्वती 'दादांसारके' म्हणाली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घाबरलो, साफ घाबरलो. दादाचं जे झालं तेच माझं होणार, आणि माझ्यामागेही लोक तेच बोलणार, हे मला समोर दिसू लागलं. मी घरातून गोठ्यात, गोठ्यातून खळ्यावर अशा येरझारा घालत राहिलो. बसलो की विचार यायचे, आणि चालावं तर पायात बळ नाही.

घरच्यांनी त्यांना ठाऊक असलेला उपाय धरला. आमच्याकडे अशक्त माणसाला लोखंड देतात. विळा चुलीत लालबुंद तापवायचा आणि ताकात विझवायचा. चर्र होतं, धूर येतो, जळकट वास सुटतो, आणि ते ताक प्यायचं. रक्त वाढतं म्हणतात. भागीवहिनीने दादाला शेवटपर्यंत ते ताक दिलं होतं. आता पार्वती मला देऊ लागली, सकाळ-संध्याकाळ. शिवाय वैद्याचं लोहभस्म, मधातून. मी डोळे मिटून सगळं घेत होतो. जितकं घ्यावं तितका खचत होतो.

*

शहापूरला तेव्हा हे डॉक्टर नवीन आले होते. लढाईवर जाऊन आलेले. पार्वतीने हट्ट धरला म्हणून बैलगाडीत गवत घालून, त्यावर आडवा होऊन गेलो. बाळा गाडी हाकत होता.

डॉक्टरांनी पोट दाबलं, बरगडीखाली गाठ लागली तिथे बोटं खुपसली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिता का?"

माझं डोकंच फिरलं. सदरा उचलला आणि दाराकडे निघालो.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "विचारावं लागतं. नाही म्हणालात तर मी नाही धरतो. बसा."

बसलो. मग त्यांनी घरच्या माणसांची चौकशी केली. दादाचं सांगितलं. तशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नेमकी ती दोन बोटं मुळाशी दाबली. मी ओरडलो.

"इथेच ना?" ते म्हणाले. "माझा एक संशय आहे. पण मी तो इथे बसून सिद्ध करू शकत नाही. मुंबईला जावं लागेल."

*

मुंबईच्या इस्पितळात माझ्यासारख्याचे हाल कुत्रा खाणार नाही. औषधाने नव्हे, पडून राहण्याने. पहाटे घंटा, मग तोंडात काचेची नळी, मग दूध, मग लघवीची बाटली. ती लघवी निळ्या पाण्यात उकळायची, आणि विटकरी झाली की साखर आहे. माझी व्हायची. गूळ बंद झाला, भात मोजका झाला. भात खाणाऱ्या माणसाला मोजका भात म्हणजे जेवून उपाशी. मी खाटांच्या रांगांमधून फेऱ्या मारायचो. कोणाची चाल कशी, कोण किती दिवस टिकेल, असं बैल पारखावेत तसा माणसांना पारखायचो आणि मग माझीच मला लाज वाटायची. नर्सबाई ओरडायच्या, "कॉटवर जा! किती फिरता?" मी म्हणायचो, बाई, बांधून घाला.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गिरणीकामगार होते. ते आपल्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून मला द्यायचे, बिनसाखरेचा. मुद्दाम स्वतःचाही बिनसाखरेचा मागवायचे. मी निघालो तेव्हा कळलं की त्यांना साखर चालत होती.

दंडाजवळची कातडी चिमटीएवढी कापून नेली होती. एके दिवशी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं आणि एका नळीतून खाली बघायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग निळे ठिपके दिसू लागले, चिक्कार.

"निळं दिसतंय ते लोखंड," ते म्हणाले. "औषध टाकलं की ते असं निळं होतं. तुमच्या कातडीत आहे, काळजात, म्हणजे यकृतात आहे, बोटांच्या सांध्यांतही असेल."

मला वाटलं, माझी थट्टा करतात. मग त्यांनी समजावलं. अन्नात थोडं लोखंड असतंच. बाकीच्यांचं शरीर लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं सोडून देतं. माझ्या शरीराला नको म्हणता येत नाही. लहानपणापासून ते येईल तेवढं घेत राहिलं आणि साठवत राहिलं.

"मग विळ्याचं ताक?" मी विचारलं.

"कसलं ताक?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "आता घेऊ नका. भस्मही नको. पण घरच्यांना दोष देऊ नका, दुखणं ताकाने आलेलं नाही, ते जन्माबरोबर आलंय. एका आईबापाच्या मुलांत येतं. तुमचे मोठे भाऊ गेले ते ह्यानेच, मला शंका नाही."

"लोक म्हणतात, दारूने गेला."

"दारूने होतं तेच पोट लोखंडानेही होतं," ते म्हणाले.

मी तिथे, त्या परक्या खोलीत, ढसाढसा रडलो. स्वतःसाठी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादाच्या बाजूने कोणी तरी बोललं होतं.

औषध काय, हे मी शेवटी विचारलं. "पुस्तकात खात्रीचं औषध नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण रक्त लोखंडावर तयार होतं. तुमचं रक्त काढत राहिलो, तर नवं रक्त करायला शरीर साठवलेलं लोखंड बाहेर काढेल. एवढीच वाट मला दिसते. करून पाहू."

"बैलाची शीर तोडतात तसं?"

"तसंच समजा. फक्त माझी सुई बारीक आहे."

*

घरी आलो तेव्हा भागीवहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. पार्वतीला सांगायच्या आधी मी तिला सांगितलं. तिचा हात परातीतच राहिला.

"म्हंजे ह्ये पीत नव्हते, असं डाक्टरानं सांगितलं?"

"सांगितलं."

"पोट लोकंडानं आलं?"

"हो, वहिनी."

तव्यावरची भाकरी करपली. मग ती म्हणाली, "भावजी, ह्ये आता गावात सांगा. मोठ्यानं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, विहिरीवर सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा, तिने हंडा उचलला आणि निघाली. पार्वतीने मला नुसतं डोळ्यांनी दाखवलं.

पार्वतीची समजूत घालणं मात्र सोपं गेलं नाही. ताकाचं ऐकून आधी ती स्वतःलाच बोल लावत बसली, आणि रक्ताचं ऐकून तिच्या अंगात आलं. "अवो, अंगात रगत ऱ्हायलं नाय म्हनून तुमी पडलेत, आन ऱ्हायलेलं बी काडून देनार? मी नाय जाऊं देनार." तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? गावही तिच्याच बाजूला. काशी मुंबईला रक्त विकतो, असंही उठलं. मी तिला एवढंच म्हटलं की दादाला आपण सगळं घातलं, आता एकदा काढून बघू. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर चढून बसली.

*

मग दर आठवड्याला शहापूर. दंडाला रबरी नळी आवळायची, मूठ वळायची, सुई, आणि खाली बाटलीत रक्त. आमचे डॉक्टर म्हणायचे, "लढाईत ह्याच्या उलट काम केलं. बाटलीतलं माणसात घालायचो." रक्त दवाखान्यामागच्या आंब्याच्या बुडाशी ओतलं जाई. त्या वर्षी आंबा लगडला. डॉक्टर म्हणतात, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

असलं दुखणं ज्याला आहे त्याला खरं सांगतो, सुरुवातीला बरं वाटत नाही. चक्कर येते, पायांत गोळे येतात, आणि घरच्यांच्या डोळ्यांत 'सांगत होतो ना' असं दिसतं. मी दोनदा म्हटलं, आता नाही जाणार. दोन्ही वेळा पार्वतीनेच गाडी जुंपायला लावली. एक पावसाळा गेला. भात कापून झालं. आणि एके दिवशी मी मुरबाडच्या वाटेने चालत निघालो, तो वाटेत बसायचं विसरून थेट बाजारातच पोचलो. पुढे रंग उजळू लागला, मिशी भरली, बरगडीखालची गाठ उतरली. पार्वती न्हाणीत पुन्हा गाणी म्हणू लागली.

बोटं तेवढी तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, सांध्यात गेलेलं निघत नाही. असो. रुमाल बाळा धरतच होता.

*

पण ह्या सगळ्यात माझा जीव बाळात अडकला होता. 'एका आईबापाच्या मुलांत येतं' हे वाक्य मी मुंबईहून घेऊन आलो होतो. तिघांतला एक गेला, दुसरा जाता जाता राहिला. बाळा तिसरा. त्याची लेकरं लहान. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "धाकट्याला आणलंत का?" आणि धाकटा बाहेर गाडीपाशी उभा असायचा, आत पाऊल टाकायचा नाही.

"मना काय झालंय? धडधाकट हाय मी," तो म्हणायचा. त्यापुढे एक शब्द नाही. रंगानेही तो बदलला नव्हता. मी रागावलो, समजावलं, वहिनीकरवी बोललो. खांबाशी बोलावं तसं.

एका दुपारी गोठ्यामागून जळकट वास आला. ताक जळल्याचा. आमच्या घरात विळ्याचं ताक बंद होऊन वर्ष उलटलं होतं. मी जाऊन पाहिलं. बाळा तीन दगडांची चूल मांडून बसला होता, हातात लोटा, विळा नुकताच विझलेला.

"हे कशाला?"

"उन्हाचं पितो," तो म्हणाला. चेहरा कोरा.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून हात धरला. बाजारात धरतो तसा. तो गोंधळला, पण सवयीने हात पुढे आलाच. मी त्याची ती दोन बोटं मुळाशी दाबली.

चेहरा हलला नाही. दादाने शिकवलेलं होतं. पण रुमालाखाली बोटं आकसली, पोळल्यासारखी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या जत्रेपासून."

"आणि दमतोस?"

त्याने 'हो' म्हणून मान हलवली. मग त्याच्या मानाने तो पुष्कळ बोलला. "भाऊ, तू तोंड वाकडं केलंस तवा सगला बाजार हसला. मी बी केलं तर रुमाल कोन धरंल? आन मना त्या बाटलीचं भ्या वाटतं. दादाचं पोट मी बगितलंय. तुजं रगत बी दारातनं बगितलंय. मना दोनी नको."

"मला पण दोन्ही नको होतं," मी म्हटलं. "तिसरं काही नाही रे, बाळा."

आणि मी त्याचा अख्खा पंजा धरला. आमच्यात त्याचा अर्थ, हा शेवटचा भाव. मी वाट बघत राहिलो. मला वाट बघता येत नाही, पण त्या दिवशी बघितली. बैल रवंथ करत होते. लोट्यातलं ताक निवत होतं. बाळाने हात काढून घेतला नाही.

*

त्याच्या कातडीचा तुकडा मुंबईला गेला आणि निळा होऊन आला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ह्याचं काळीज अजून फारसं बिघडलेलं नाही.

पहिल्या बाटलीच्या दिवशी बाळा बाकावर आडवा झाला. थंडी वाजते म्हणाला म्हणून मी त्याच्या अंगावर चादर घातली. डॉक्टरांनी एका दंडाला नळी आवळली. त्याने डोळे घट्ट मिटले, आणि चादरीखालून त्याचा दुसरा हात माझा हात शोधत आला. सापडला तशी त्याने माझी दोन बोटं धरली. नेमकी तीच, नेमकी मुळाशी. सुई आत गेली आणि त्याने सगळं बळ लावून आवळलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं ते माझ्याकडे. "काशिनाथराव, काही होतंय का?"

"काही नाही," मी म्हटलं.

तोंडावरची माशी हलली नाही. बाटली भरेपर्यंत मी हात काढून घेतला नाही.